माजघर पुन्हा जेवतं झालं

आमचं दापोलीजवळचं घर जुन्या बांधणीचं. तोंड उत्तरेला, पुढे ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागीलदारी पडवी. पूर्वी पंगती बसायच्या त्या माजघरातच. २०१९ मध्ये हे निवृत्त झाले आणि डोंबिवलीचं बिऱ्हाड आवरून आम्ही सासूबाईंजवळ राहायला आलो. तिथलं काचेचं डायनिंग टेबलही ट्रकमधून आलं आणि माजघराच्या मधोमध बसलं. पुढची चार वर्षं त्यावर औषधांचे डबे, लाइटबिलं, वाळत घातलेली कोकमं असं सगळं राहिलं. जेवण मात्र तिथे होत नसे. हे ताट घेऊन ओटीवर टीव्हीसमोर बसत, सासूबाई (त्यांना मी आईच म्हणते) स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या स्टुलावर, आणि मी वाढता वाढता उभ्यानेच. तीन माणसं, तीन ठिकाणी.

२०२३ च्या उन्हाळ्यापासून आईंनी रात्रीचं जेवण कमी केलं. "भूक नाही गो," एवढंच म्हणायच्या. वय ८४, म्हणून आम्ही डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या ठीक निघाल्या. मग गणपतीत घर भरलं, माजघरात सतरंज्या अंथरून सगळे एकत्र जेवायला बसले, आणि आईंनी खुर्चीत बसून दोनदा भात मागून घेतला. नणंद माझ्याकडे बघत राहिली. नंतर भांडी पुसताना म्हणाली, "वहिनी, आईला भूक आहे. तिला माणसांत जेवायचंय."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. दिवाळी झाल्यावर मी ठरवलं, माजघर असं करायचं की माणसाला तिथे आपणहून बसावंसं वाटेल.

पहिला आठवडा मी काहीच विकत घेतलं नाही. फक्त सामान बाहेर काढलं. टेबलावरचं, टेबलाखालचं, भिंतीलगतच्या सनमायकाच्या कपाटातलं, दाराआडचं. फ्रिज मागच्या पडवीत नेला. त्याची घरघर जेवताना सतत कानात असायची हे तो हलल्यावरच कळलं. जमिनीवर प्लास्टिकचं अंथरूण चिकटवलेलं होतं, तेही उपटलं. खाली आजेसासऱ्यांच्या वेळचा लाल कोबा निघाला. दोन ठिकाणी तडे गेलेले, पण रंग अजून पिकल्या करवंदासारखा गडद. अंथरुणाखाली ओल कोंडून त्याच्यावर पांढरी बुरशी धरली होती. घासून, धुऊन, आठ दिवस उघडा ठेवून खोबरेल तेलाचा हात फिरवला तेव्हा तो पुन्हा बोलायला लागला.

सनमायकाचं कपाट हलवलं आणि त्यामागे, स्वयंपाकघराकडच्या भिंतीत, दोन कोनाडे सापडले. फळी ठोकून बंद केलेले. आई काठी टेकत आल्या, एका कोनाड्याच्या कमानीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट काळं झालं होतं. "इथे चिमणी ठेवायची मी. तुझे सासरे शेवटी जेवायला बसत, तेव्हा वात मोठी करायची." ती काजळी मी पुसू दिली नाही. बाकी खोलीला चुना लागला, त्या कमानीचा वरचा वीतभर भाग तसाच राहू दिला.

आता भिंती. पश्चिमेची भिंत बाहेरची, तिच्यावर पावसाळाभर झोड असते. कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे सुटलेले. पूर्वी तिथे ऑइलपेंट मारला होता, तो फुगून आला. मग खरवडून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावला, तोही दुसऱ्या पावसात फुगला. मी गवंडीकाकांना बोलावलं. सत्तरीचे आहेत, चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती बांधण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ बाहेर परसात गेले. बाहेरच्या बाजूने वर्षानुवर्षं माती, पालापाचोळा, फुलझाडांचे आळे साचत साचत जमीन घरातल्या कोब्यापेक्षा दीड फूट वर आली होती. "भिंत पाण्यात उभी आहे, आणि तुम्ही तिला आतून रंग लावताय," ते म्हणाले.

म्हणून सजावटीचं पहिलं काम झालं ते फावड्याने. दोन गड्यांनी चार दिवसांत ती माती काढली, भिंतीच्या बाजूने दगडी गटार काढून उताराकडे नेलं. त्यानंतर आतला सिमेंटचा गिलावा फोडला. चिरा सच्छिद्र असतो, पाणी ओढतो आणि पुन्हा सोडतोही. वर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट बसला की त्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही, पाणी आतच राहून रंगाला ढकलत राहतं. चुन्याच्या गिलाव्यातून मात्र ते वाफ होऊन निघून जातं. काकांनी कळीचा चुना मागवला आणि मागीलदारी पिंपात विरवला. पिंपात आधी पाणी, मग थोडा थोडा चुना, उलट कधीच नाही. खडे पडले की पाणी खदखदून उकळायला लागतं. आम्हाला सगळ्यांना त्यांनी दहा हात लांब उभं केलं होतं, आणि डोळ्यांवर चष्मा नसलेल्या गड्याला हात लावू दिला नाही. पंधरा दिवस तो चुना पाण्याखाली झाकून ठेवला. मग काढला तर तुपासारखा मऊ.

चुन्याच्या कामाला घाई चालत नाही. पहिला हात, तो ओढला की दुसरा, मधल्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होत जातो, आणि त्याला त्याचा वेळ लागतो. पावसाळ्यात हे काम जमतच नाही, म्हणून ते दिवाळीनंतरच काढावं. आमच्या एका भिंतीला सव्वा महिना लागला.

याच काळात माझ्या हातून मोठी चूक झाली. फोनवर कुठल्याशा घराचा फोटो बघितला होता, फिकट निळ्या भिंती, पांढरं टेबल, फार सुरेख. मी काकांना म्हटलं, चुन्यात नीळ जरा जास्त घाला. ते एकदाच म्हणाले, "जेवणघर आहे, बघा हां." मी ऐकलं नाही. तीन हात दिले. खोली रिकामी होती तेव्हा खरंच छान दिसली, मी फोटो काढून मुलाला पाठवले. संध्याकाळी तिथेच जमिनीवर बसून आम्ही पहिल्यांदा जेवलो. पिठलं, भात, कैरीचं लोणचं. आईंनी ताटाकडे बघून विचारलं, "भात सकाळचा का गो?"

भात ताजा होता, वाफ येत होती. पण तो राखाडी दिसत होता. पिठलं हिरवट, लोणचं तपकिरी. मी ताट उचलून मागच्या पडवीत नेलं, तिथे सगळं पुन्हा पिवळं आणि लाल. परत आत आणलं, पुन्हा विझलेलं. भिंतीवर पडलेला उजेड भिंतीचा रंग घेऊन ताटावर येतो, हे मला तेव्हा समजलं. आपलं जेवण हळदीचं, मिरचीचं, तुपाचं. त्याला निळा उजेड मारतो.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. ते काही बोलले नाहीत, येताना पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, घेऊन आले. या वेळी आम्ही भिंतीवर तीन चौकोन काढले. एक नुसत्या चुन्याचा, एकात पिवडी थोडी, एकात जास्त. चुना ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की बराच उजळतो, म्हणून दोन दिवस थांबलो. मग मी भात, आमटी, कोशिंबीर आणि लोणचं वाढलेलं ताट हातात धरून तिन्ही चौकोनांसमोर उभी राहिले. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री दिवा लावून एकदा. दुसरा चौकोन ठरला. ताकात हळदीचं बोट बुडवल्यासारखा रंग. रंगाच्या दुकानातल्या कार्डावर बोट ठेवून जेवणघराचा रंग ठरवू नये, हे मी आता भेटेल त्याला सांगते. ताट घेऊन भिंतीसमोर उभं राहावं.

उजेडाचा प्रश्न वेगळाच होता. माजघराला खिडकी नाही. दिवसाही ट्यूबलाइट लावायला लागायची, आणि ती ६५०० केल्विनची पांढरीफटक. ओटीकडच्या अर्ध्या भागावर माळा नाही, थेट कौलं दिसतात. तिथली उत्तर उताराची तीन मंगलोरी कौलं काढून त्याच मापाची काचेची कौलं बसवली. दक्षिण उतारावर बसवली असती तर वर्षातले बरेच महिने कडक ऊन आत आलं असतं. उत्तरेकडून येतो तो आभाळाचा मऊ उजेड. थंडीत दुपारी एक छोटा कवडसा मात्र ओटीकडच्या भिंतीवर पडतो आणि हळूहळू सरकत जातो. पावसाळ्याआधी कौलांवरचं शेवाळ पुसायला लागतं, नाहीतर दुसऱ्या वर्षी उजेड निम्मा होतो असं शेजाऱ्यांनी बजावलंय.

रात्रीच्या दिव्यासाठी आठवडी बाजारात बुरुडाकडून एक मोठी रोवळी आणली. तांदूळ धुवायची साधी बांबूची रोवळी. ती उलटी टांगून आत ९ वॉटचा, २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी लावला. एलईडी फारसा तापत नाही म्हणूनच हे चालतं. पहिल्या रात्री ताटांवर विणीच्या सावल्यांची जाळी पडली. आईंना वरणातलं काही दिसेना. मग आतून धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर शिवलं, सावल्या गेल्या, उजेड दुधाळ झाला. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय बघावा, तो ९० किंवा वर असला की पदार्थांचे रंग खरे दिसतात. हा आकडा दुकानदार आपणहून सांगत नाहीत, विचारायला लागतो.

दिवा किती खाली आणायचा यावर आमची दोन संध्याकाळ चर्चा झाली. टेबलापासून दोन फुटांवर घेतला तर रोवळीच्या कडेने समोरच्या माणसाचा चेहरा कापला जायचा. यांनी खुर्चीत बसून, मी समोर बसून, वायरमनने शिडीवरून इंच इंच वर घेत शेवटी ३० इंचांवर गाठ मारली. आणि एक गोष्ट उलट्या क्रमाने झाली. वायरमन आधी आला, त्याने खोलीच्या मध्यावर दिवा काढून दिला. मग टेबल मांडताना लक्षात आलं की ओटीवरून स्वयंपाकघरात जायची वाट अडते, म्हणून ते दोन फूट पूर्वेला घ्यायला लागलं. दिवा राहिला भलतीकडे. तुळईला आकडा ठोकून वायर ओढून आणली. टेबल पक्कं जागेवर बसल्याशिवाय वायरमनला बोलवायचं नाही.

आता टेबल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या परसातला बरका फणस मुळासकट पडला. दापोली-मंडणगडकडे त्या दिवशी ज्यांच्या बागा गेल्या त्यांना ते दुःख सांगायला नको. आमच्या तर नारळ-पोफळींचीही रांग गेली. पण त्या फणसाखाली यांचं बालपण गेलेलं. जळण म्हणून तो द्यायला आई तयार झाल्या नाहीत. गिरणीवर नेऊन फळ्या काढून आणल्या आणि मागच्या पडवीत, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असे थर रचून ठेवल्या. साडेतीन वर्षं त्या तशाच पडून होत्या. म्हणजे लाकूड पूर्ण सुकलेलं होतं, हे सुतारदादांनी आल्याआल्या ओळखलं.

फणसाचं लाकूड रंधलं की आत चक्क पिवळंधमक निघतं, गऱ्याच्याच रंगाचं, आणि पुढे उजेडात राहून राहून तांबूस तपकिरी होत जातं. दादांनी पहिला रंधा मारला आणि पिवळी सालपटं कोब्यावर पडायला लागली, तेव्हा हे त्यातलं एक उचलून हुंगत बराच वेळ दारात उभे होते.

मापं आम्ही माणसांवरून घेतली. माणशी दोन फूट रुंदी, म्हणून तीन माणसांच्या बाजूला सहा फूट. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्हीकडची ताटं मांडून मधे पातेली राहतात. उंची ३० इंच, बसायची उंची १८. खुर्ची मागे ओढून उठायला भिंतीपर्यंत तीन फूट तरी मोकळे हवेत. एका बाजूला बाक केला, तो जेवण झालं की टेबलाखाली सरकतो. आईंची खुर्ची मात्र हाताची, कारण उठताना त्यांना रेटा द्यायला काहीतरी लागतं. ती कुठे ठेवायची हे त्यांनीच सांगितलं. भिंतीकडे पाठ, तोंड ओटीच्या दाराकडे. काचेचं टेबल आलं तेव्हा त्यांची खुर्ची दाराकडे पाठ करून मांडली होती. "मागून कोण येतं-जातं कळत नाही, घास उतरत नाही," त्या म्हणाल्या. चार वर्षांत हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

पॉलिश चकचकीत नको होतं. काजूच्या टरफलाचं तेल आमच्याकडे वाशांना लावतात, वाळवी येत नाही, पण ते कातडीला भाजतं. म्हणून ते फक्त पायांच्या टोकांना लावलं. वरच्या फळ्यांना जवसाचं तेल तीन वेळा, प्रत्येक वेळी आठवडाभर वाळू देऊन, शेवटी मधमाश्यांचं मेण. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दादा ती रोज संध्याकाळी दोरीवर पसरून वाळवत आणि मग फेकत.

माळ्यावर पितळी फुल्या जडवलेले बारा पाट होते. त्यातले दोन भिंतीवर टांगावेत असं माझ्या मनात होतं. आई स्पष्ट नाही म्हणाल्या. बसायची वस्तू आहे, तिला टांगायची कशाला? मला त्यांचं पटलं. पाट धुऊन, तेल लावून कोपऱ्यात रचून ठेवले. मे महिन्यात मुलं जमली की खाली पंगत बसते तेव्हा ते खरोखर वापरले जातात. भिंतींवर आता काहीही नाही. एका कोनाड्यात पाण्याचा तांब्या आणि फुलपात्रं, दुसऱ्यात रोज परसातलं जे असेल ते. कधी जास्वंद, कधी नुसता आंब्याचा टाळा.

टेबलावरचं प्लास्टिकचं कव्हर गेलं तेव्हा डागांची मला धास्ती होती. हळद आणि कोकम, दोन्ही लाकडात शिरतात. ताटाखाली घालायला जाड पंचे कापून शिवले, ते धुऊन उन्हात टाकले की हळदीचा डाग आपोआप उडतो. तरीही सोलकढीचा एक गुलाबी गोल टेबलावर उमटला आहेच, नातीच्या जागेसमोर. तो मी घासला नाही.

एकूण खर्च ₹४८,००० च्या आसपास आला. त्यातला निम्म्याहून जास्त भिंत आणि गटारात गेला, म्हणजे जे कोणाला दिसत नाही त्यात. काचेचं टेबल गावातल्या एका कुटुंबाला दिलं.

होळीला आम्ही पहिल्यांदा त्या टेबलावर बसलो. पुरणपोळी होती. ओटीवरचा टीव्ही हलवला नव्हता, यांना कोणी काही म्हटलंही नव्हतं. त्यांनी ताट घेतलं, दारापर्यंत गेले, वळून बघितलं आणि परत येऊन बाकावर बसले. आईंनी दीड पोळी खाल्ली, दुधात कुस्करून. जेवण झाल्यावर हात वाळेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बोलत होतो. आता रोजच तसं होतं. आईंचं रात्रीचं जेवण तासभर चालतं, त्यात खाणं थोडं आणि गोष्टी जास्त, पण भात त्या मागून घेतात.

मे महिन्यात मुलगा-सून आले. त्या दिवसांत सूर्य आमच्याकडे अगदी डोक्यावर येतो, आणि साडेबाराच्या सुमारास काचेच्या कौलांतून तीन कवडसे थेट टेबलावर उतरतात. नात आपलं ताट त्यातल्या एकात ठेवून जेवायची आणि कवडसा सरकला की ताट सरकवायची. "अगो, माझ्या पानावर येऊ दे की थोडं," पणजी म्हणायची, आणि मग दोघींची ताटं चिकटून बसायची.

पहिला पावसाळा भिंतीने बऱ्यापैकी काढला. वर सगळं कोरडं, पण पश्चिमेच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे गटार वळतं, तिथे दोन हात जागा ओलसर राहिली आणि चुना थोडा भुरभुरला. बाहेरून तिथे उतार कमी पडतोय. दिवाळी झाली की तो कोपरा पुन्हा उघडायचा. काकांना सांगून ठेवलंय, आणि पिवडीही शिल्लक ठेवली आहे.